डिजिटल मीडिया कंपनीचं सेगमेंट रिपोर्टिंग: पहिल्यांदा करताय तर कुठून सुरुवात करायची

सेगमेंट नोट, म्हणजे वार्षिक हिशोबातली कंपनीच्या प्रत्येक धंद्याचे आकडे वेगळे दाखवणारी टीप, पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा बहुतेक सगळे एकच करतात, जीएल (जनरल लेजर, मुख्य खातेवही) उघडतात, रेव्हेन्यूचे कोड फिल्टर करतात, जाहिरात एक, सबस्क्रिप्शन दुसरं, इव्हेंट तिसरं, झाले सेगमेंट तयार. मी पण हेच केलेलं. मस्त रंगीत शीट बनवून ऑडिटरसमोर ठेवली आणि त्याने एकच प्रश्न विचारला, हे तुमच्या सीईओंना दर महिन्याला असंच दिसतं का? नव्हतं दिसत. त्यांना जाणाऱ्या एमआयएसमध्ये (मॅनेजमेंटसाठीचा अंतर्गत अहवाल) सगळं ब्रँडप्रमाणे होतं, प्रत्येक साइटचा वेगळा नफा-तोटा, आणि जाहिरात-सबस्क्रिप्शन ही फोड फक्त आमच्या अकाउंट्सच्या डोक्यात. तीन दिवसांचं काम गेलं पाण्यात.

तर पहिली गोष्ट ही, सेगमेंट आपण ठरवत नसतो, ते कंपनीत आधीच ठरलेले असतात, आपण फक्त शोधायचे. आयएफआरएस 8, म्हणजे सेगमेंट रिपोर्टिंगचं आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड, त्याचा सगळा पाया हाच आहे. हे स्टँडर्ड 1 जानेवारी 2009 पासून लागू झालं, त्याआधीचं आयएएस 14 गेलं, आणि विचार आला अमेरिकेच्या 1997 च्या एफएएस 131 वरून, जे आज एएससी 280 म्हणून ओळखलं जातं. भारतातलं इंड एएस 108 पण त्याच साच्यातलं. आयएफआरएस आणि अमेरिकन नियमांत ज्यांचे शेअर किंवा बाँड बाजारात आहेत त्यांना हे सक्तीचं, इंड एएस 108 मात्र इंड एएस लागू असलेल्या सगळ्याच कंपन्यांना. तिन्हीकडे नाव एकच, मॅनेजमेंट अप्रोच, म्हणजे वरचा माणूस धंद्याकडे ज्या चष्म्यातून बघतो तोच चष्मा गुंतवणूकदाराला द्यायचा.

हा वरचा माणूस म्हणजे सीओडीएम (चीफ ऑपरेटिंग डिसिजन मेकर), पैसा कुठे टाकायचा आणि कोणाचं काम कसं चाललंय हे ठरवणारा. बहुतेक ठिकाणी सीईओ, काही ठिकाणी सीईओ-सीएफओ-सीओओ मिळून कमिटी. इथे घाई करू नका. मागच्या 12 महिन्यांचे बोर्ड पॅक (संचालकांना जाणारे अहवाल), बजेटची फाइल, सीईओंच्या डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट, बोनस कशावर ठरतो ती शीट आणि ऑर्ग चार्ट, एवढं एका फोल्डरमध्ये टाका आणि शांतपणे वाचा. बोनसची शीट सगळ्यात खरं बोलते. पॉडकास्ट हेडचा बोनस पॉडकास्टच्या नफ्यावर ठरत असेल आणि तो आकडा सीईओ दर महिन्याला बघत असतील तर तो तुमचा ऑपरेटिंग सेगमेंट आहे, तुम्हाला आवडो न आवडो. अटी तीनच: तो भाग कमावतो आणि खर्च करतो (आपल्याच दुसऱ्या सेगमेंटकडून कमावत असला तरी चालतं), त्याचे आकडे सीओडीएम नियमित बघतो, आणि त्याचे वेगळे आकडे मुळात उपलब्ध आहेत. एचआर, लीगल, फायनान्स हे सेगमेंट नाहीत, ते कॉर्पोरेट.

मीडिया कंपनीत गोंधळ कुठे होतो तर एमआयएस दोन बाजूंनी कापलेला असतो, एकीकडे ब्रँड, दुसरीकडे जाहिरात-सबस्क्रिप्शन असे प्रवाह, आणि सीईओ दोन्ही बघतात. अशा मॅट्रिक्समध्ये अमेरिकन नियम सरळ सांगतो की प्रॉडक्ट-सर्व्हिसची बाजू घ्या. आयएफआरएसमध्ये तेवढं सोपं नाही, वाचणाऱ्याला धंदा कुठल्या बाजूने जास्त कळेल ते बघून ठरवायचं आणि का ठरवलं ते लिहून ठेवायचं. ते लिहिलेलं पान नीट जपा, पुढच्या वर्षी माणसं बदललेली असतात आणि प्रश्न तेच असतात.

सीओडीएमला काय दिसतं यावर किती काही अवलंबून असतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे यूट्यूब. अल्फाबेटने यूट्यूबच्या जाहिरातींचा आकडा पहिल्यांदा वेगळा सांगितला फेब्रुवारी 2020 मध्ये, 2019 या वर्षाचे साधारण 15 अब्ज डॉलर. एवढा मोठा धंदा, पण तो सेगमेंट म्हणून आला नाही, फक्त रेव्हेन्यूची एक ओळ म्हणून आला, नफा किती ते नाही. सेगमेंट आहेत गूगल सर्व्हिसेस, गूगल क्लाउड आणि अदर बेट्स, यूट्यूब पहिल्याच्या पोटात. हा फरक डोक्यात फिट करून घ्या, रेव्हेन्यूची फोड आयएफआरएस 15 (रेव्हेन्यूचं स्टँडर्ड) खाली द्यावी लागते आणि ती सेगमेंटपेक्षा बारीक असू शकते, पण ती देऊन सेगमेंट नोट दिल्यासारखं होत नाही. दोन्ही द्यायच्या आणि एकीतून दुसरीकडे कसं जायचं तेही वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आता ऑपरेटिंग सेगमेंट सापडले, पण त्यातले सगळेच छापावे लागत नाहीत. इथे 10 टक्क्यांच्या तीन चाचण्या येतात आणि एकीत जरी बसला तरी तो सेगमेंट वेगळा दाखवायचा. एक काल्पनिक कंपनी घेऊ, बाहेरून येणारा एकूण रेव्हेन्यू 1000, चलन कुठलंही धरा. जाहिरात 520, सबस्क्रिप्शन 250, ब्रँडेड कंटेंट स्टुडिओ (जाहिरातदारांसाठी कंटेंट बनवणारा) 120, इव्हेंट 50, पॉडकास्ट 40, लायसन्सिंग 20. शिवाय स्टुडिओ घरातल्याच दुसऱ्या टीम्सना व्हिडिओ बनवून देतो, त्याचे आतल्या आत 60 लावतो.

रेव्हेन्यूच्या चाचणीत आतलं-बाहेरचं दोन्ही धरायचं, म्हणजे एकूण 1060 आणि त्याचे 10 टक्के 106. बरेच जण इथे 1000 चे 10 टक्के लावतात, ते चूक. जाहिरात, सबस्क्रिप्शन आणि 180 वाला स्टुडिओ पास, बाकी तीन नापास.

नफ्याची चाचणी जरा तिरकी आहे. समजा जाहिरात 130 नफ्यात, सबस्क्रिप्शन 20, स्टुडिओ 15, लायसन्सिंग 12, इव्हेंट 8 आणि पॉडकास्ट 45 तोट्यात. नफ्यातल्यांची बेरीज वेगळी करायची, 185, तोट्यातल्यांची वेगळी, 45, आणि चिन्ह सोडून जी मोठी तिचे 10 टक्के घ्यायचे, म्हणजे 18.5. पॉडकास्टचा तोटा 45, म्हणजे रेव्हेन्यू जेमतेम 4 टक्के असून पॉडकास्ट रिपोर्टेबल झाला! वरच्या लोकांना नेमकं हेच नको असतं, नवीन धंद्यात पैसे ओतायचे आणि तो तोटा कुठेतरी "इतर" मध्ये विरघळून जावा असं वाटत असतं, आणि ही चाचणी त्यासाठीच तर ठेवलीये. तिसरी चाचणी मालमत्तेची, ती बहुतेक मीडिया कंपन्यांमध्ये फार काही वेगळं सांगत नाही, कारण मालमत्ता म्हणजे मुख्यतः गुडविल (धंदा विकत घेताना त्याच्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे) आणि कंटेंट, आणि ती आधीच मोठ्या सेगमेंटकडे असते.

शेवटी बेरीज बघायची, वेगळे दाखवलेल्या सेगमेंटचा बाहेरचा रेव्हेन्यू एकूणाच्या किमान 75 टक्के हवा. आपल्याकडे 520, 250, 120 आणि 40 मिळून 930, म्हणजे 93 टक्के, प्रश्न मिटला. इव्हेंट आणि लायसन्सिंग "इतर सर्व" मध्ये. त्यात काय काय आहे ते मात्र लिहायचं. आणि दोन सेगमेंट एकत्र करायचे असतील तर ते खरोखर सारखे हवेत, प्रॉडक्ट, ग्राहक, वितरण, नियम आणि लांब पल्ल्याचं मार्जिन सुद्धा. जाहिरात आणि सबस्क्रिप्शन "दोन्ही डिजिटलच आहे की" म्हणून एकत्र करायला कोणी सांगितलं तर हो म्हणू नका, एकाचा ग्राहक एजन्सी आहे आणि दुसऱ्याचा वाचक.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकी, चार तासात शिकून होतं. खरं घोडं अडतं ते खर्चाच्या वाटणीत.

न्यूजरूम घ्या. तोच रिपोर्टर, तीच बातमी, फुकट वाचणाऱ्याला तिच्यावर जाहिरात दिसते आणि पैसे भरणाऱ्याला ती जाहिरातीशिवाय दिसते. मग त्याचा पगार कोणाच्या खात्यात? आपल्या कंपनीत न्यूजरूमचा खर्च 200 धरू. तो टाकायच्या आधी जाहिरातीचा नफा 265 आणि सबस्क्रिप्शनचा 85. रेव्हेन्यूच्या प्रमाणात वाटला, 520 ला 250, तर जाहिरातीला साधारण 135 आणि सबस्क्रिप्शनला 65 येतात, नफा उरतो 130 आणि 20, जे आकडे मी वर घेतले ते इथूनच आले. आता पेजव्ह्यूने वाटा, 90 टक्के पेजव्ह्यू फुकट्या वाचकांचे असतील तर 180 आणि 20, नफा 85 आणि 65. आणि वाचनाच्या वेळेने वाटा, पैसे भरणारे कमी असले तरी जास्त वेळ थांबतात, समजा 40 टक्के वेळ त्यांचा, तर 120 आणि 80, नफा 145 आणि 5.

बघा काय झालं. दोघांची बेरीज तिन्ही वेळा 150 च, एक पैसा कमी-जास्त नाही, पण सबस्क्रिप्शन एका शीटमध्ये 65 कमावणारं स्टार आहे आणि दुसऱ्यात 5 वर कसंबसं तगलेलं. ज्याच्या हातात वाटणीची "की" (खर्च कशाच्या प्रमाणात वाटायचा तो आधार) त्याच्या हातात गोष्ट. म्हणून की ठरवायची मीटिंग क्लोजच्या (हिशोब बंद करायच्या) आठवड्यात घेऊ नका, तेव्हा प्रत्येकजण आपला बोनस डोळ्यासमोर ठेवून बोलतो. वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवा, सीएफओची सही घ्या, आणि वर्षभर हात लावू नका. कुठली की बरोबर हे स्टँडर्ड सांगत नाही, ते एवढंच म्हणतं की वाटलेली रक्कम वाजवी पायावर हवी, तो पाया समजावून सांगा, आणि बदललात तर काय बदललं आणि परिणाम काय ते सांगा. माझं मत विचाराल तर न्यूजरूम अजिबात वाटू नये, सीईओंना पटत असेल तर एडिटोरियल ही वेगळी ओळ ठेवावी आणि सेगमेंटचा नफा त्याच्या आधीचा दाखवावा, निदान खोटी अचूकता तरी येत नाही. पण मग तोच आकडा सीईओ पण वापरत असले पाहिजेत, फक्त नोटसाठी नवा आकडा शोधता येत नाही.

क्लाउडचं बिल हे दुसरं दुखणं. एका कंपनीत आम्ही वर्षभर व्हिडिओ सेगमेंट नफ्यात दाखवत होतो, सगळे खुश, नवीन माणसं भरली, आणि नंतर कळलं की स्टोरेज आणि सीडीएनचा (व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवणारं सर्व्हरचं जाळं) अख्खा खर्च कॉर्पोरेटमध्ये बसलाय कारण कुठला सर्व्हर कोणासाठी चालतो ते सांगणारे टॅगच लावलेले नव्हते. टॅग लावले, तीन महिन्यांचा डेटा काढला, मोठा हिस्सा व्हिडिओचा निघाला आणि नफा गायब. तेव्हापासून माझा नियम असा, टेक टीमकडून दर महिन्याला टॅग नसलेल्या खर्चाचा आकडा मागायचा आणि तो वाढत असेल तर क्लोज थांबवून विचारायचं. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा इलाज नाही.

आतल्या व्यवहारांचं बघू. स्टुडिओने घरात लावलेले 60 एकत्रित हिशोबात उडवायचे, 1060 मधून 60 गेले, राहिले 1000. घेणाऱ्या टीमने ते त्याच वर्षी खर्चात टाकले असतील तर नफ्याला धक्का नाही, एका बाजूचा रेव्हेन्यू दुसऱ्या बाजूच्या खर्चाशी उडतो. पण पॉडकास्ट टीमने स्टुडिओकडून करून घेतलेली मालिका मालमत्ता म्हणून ताळेबंदात घेतली असेल, तर त्यात स्टुडिओचा जो नफा अडकलाय तो पण काढायला लागतो. हे विसरलं की रिकन्सिलिएशन (सेगमेंटचे आकडे कंपनीच्या एकूण आकड्यांशी जुळवणं) विचित्र आकड्याने चुकतं आणि रात्री अकराला सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. आतले दर कशावर ठरतात तेही नोटमध्ये सांगायचं असतं.

रेव्हेन्यूच्या बाजूला तीन ठिकाणी लक्ष ठेवा. वार्षिक प्लॅनचे 1200 आज आले तर या महिन्यात सबस्क्रिप्शनचा रेव्हेन्यू 100 च, उरलेले 1100 डेफर्ड, म्हणजे पुढच्या महिन्यांसाठी राखलेले, मार्केटिंगवाले डॅशबोर्डवर 1200 नाचवतात आणि मग दोन आकड्यांवरून वाद. प्लॅनसोबत इव्हेंटचं तिकीट फुकट दिलं असेल तर ते फुकट नसतं, वेगवेगळं विकलं असतं तर काय किंमत आली असती त्या प्रमाणात पैसे दोन सेगमेंटमध्ये फोडायचे. आणि जाहिरात दुसऱ्याच्या साइटवर विकत असाल तर आधी ठरवा की ती जागा विकायच्या आधी तुमच्या ताब्यात होती का, होती तर पूर्ण रक्कम, नव्हती तर फक्त कमिशन. यात चूक झाली की जाहिरात सेगमेंटचा रेव्हेन्यू एका फटक्यात फुगतो आणि वरच्या 10 टक्क्यांच्या चाचण्याही हलतात.

मोठ्या ग्राहकाचा मुद्दा मीडियात बरेचदा राहूनच जातो. एका ग्राहकाकडून एकूण रेव्हेन्यूच्या 10 टक्के किंवा जास्त येत असेल तर तसं सांगायचं, रक्कम आणि सेगमेंट पण, नाव सांगायची सक्ती नाही. एकाच मालकाखालच्या सगळ्या कंपन्या मिळून एक ग्राहक धरायच्या, त्यामुळे दहा वेगवेगळ्या नावांच्या एजन्सी आणि वर एकच ग्रुप असं असेल तर बेरीज करून बघा. ॲड एक्सचेंजमधून (जाहिरातीच्या जागांचा ऑनलाइन बाजार) पैसे येत असतील तर ग्राहक कोण, एक्सचेंज की पलीकडचा जाहिरातदार, हे कराराच्या कागदावरून ठरवा, पैसे कोणाच्या खात्यातून आले यावरून नाही. देशवार फोड पण द्यायची असते, आणि इथे वाचक कुठे बसलाय ते धरायचं की जाहिरातदाराचा बिलिंग पत्ता, एकच ठरवा, लिहा, आणि दरवर्षी तेच वापरा.

अमेरिकेत लिस्टेड असाल आणि हिशोब अमेरिकन नियमांनी देत असाल तर अजून एक गोष्ट, एएसयू 2023-07, म्हणजे एएससी 280 मधली दुरुस्ती. 15 डिसेंबर 2023 नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून नुसता सेगमेंटचा नफा पुरत नाही, सीओडीएमला नियमित दिले जाणारे मोठे खर्च पण प्रत्येक सेगमेंटसाठी दाखवायचे, सीओडीएमचं पद लिहायचं आणि तो हा आकडा कशासाठी वापरतो तेही. एकच सेगमेंट असलेल्यांनाही सूट नाही. आधी "आमचा एकच सेगमेंट आहे" म्हटलं की बरंचसं काम संपायचं, आता त्यांनाही खर्च उघडे करावे लागतात. नेटफ्लिक्स 2019 च्या शेवटच्या तिमाहीत तीन सेगमेंटवरून, म्हणजे अमेरिकेतलं स्ट्रीमिंग, बाहेरचं स्ट्रीमिंग आणि डीव्हीडी, एका सेगमेंटवर आलं. उलट झिफ डेव्हिस या अमेरिकन मीडिया कंपनीने आपला मोठा डिजिटल मीडिया सेगमेंट फोडून टेक्नॉलॉजी-शॉपिंग, गेमिंग-एंटरटेनमेंट, हेल्थ-वेलनेस आणि कनेक्टिव्हिटी असे वेगळे केले. दोन्ही चालतं, कंपनी चालवायची पद्धत खरंच तशी असेल तर.

पण असं काही बदललं की मागच्या वर्षाचे आकडे पण नव्या साच्यात ओतून द्यावे लागतात, ती माहिती उपलब्धच नसेल आणि ती तयार करणं अवाजवी खर्चिक असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून जीएल कोड ते सेगमेंट अशी मॅपिंग शीट ठेवा आणि प्रत्येक बदलाला तारीख टाका, जुनी ओळ खोडू नका, खाली नवी लिहा. शिवाय सेगमेंट हलले की गुडविल पण हलतं, कारण आयएएस 36 प्रमाणे गुडविलची इम्पेअरमेंट टेस्ट (किंमत घसरली का याची चाचणी) ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा मोठ्या गटावर करता येत नाही, आणि तो सेगमेंट एकत्र करायच्या आधीचा. विकत घेतलेली कमजोर साइट एका मोठ्या सेगमेंटमध्ये होती तोवर झाकलेली, सेगमेंट फोडले की एकटी पडते आणि राइट-ऑफ समोर उभा. रीऑर्गच्या (कंपनीच्या फेररचनेच्या) मीटिंगला फायनान्सला बोलवत नाहीत बहुतेक वेळा, तुम्ही स्वतः जाऊन बसा.

रिकन्सिलिएशन तर लागतंच. आपल्या कंपनीत सगळ्या सेगमेंटचा नफा मिळून 140, त्यातून कॉर्पोरेट 60 गेले, 80. शेअर-बेस्ड पेमेंट (कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपात दिलेला मोबदला) 25, राहिले 55. घसारा आणि अमॉर्टायझेशन 30, राहिले 25. व्याज 5, करापूर्वीचा नफा 20. प्रत्येक पायरी वेगळी दाखवा, कॉर्पोरेटच्या ओळीत सगळं कोंबू नका. सेगमेंट 140 कमावतात आणि कंपनीकडे 20 उरतात म्हटल्यावर वाचणारा सगळ्यात आधी याच ओळींवर बोट ठेवणार, आणि ठेवायलाच हवं.

नोट सही व्हायच्या आदल्या दिवशी एक काम करा, मागच्या चार तिमाहींच्या अर्निंग्स कॉलच्या (निकालांनंतर गुंतवणूकदारांशी होणाऱ्या बोलण्याच्या) ट्रान्सक्रिप्ट काढा, वेबसाइटवरचं गुंतवणूकदारांचं प्रेझेंटेशन काढा आणि सीईओ जिथे जिथे एखाद्या धंद्याच्या नफ्याबद्दल किंवा मार्जिनबद्दल बोललेत तिथे मार्कर फिरवा. ते जर "आमचा इव्हेंटचा धंदा आता नफ्यात आहे" म्हणाले असतील आणि तुमच्या नोटमध्ये इव्हेंट "इतर" मध्ये असेल, तर रेग्युलेटरचं पत्र त्याच वाक्यावर येतं. 10 टक्क्यांची शीट, सीओडीएमला काय जातं त्याचे पॅक आणि इव्हेंट वेगळा का नाही याचं एका पानाचं उत्तर फोल्डरमध्ये तयार ठेवा, आणि मग सहीला पाठवा.